शहबा पडली तो हिवाळा

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत हमामच्या, म्हणजे गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीला लागून आहे. थंडीत मी पिठाची परात त्या भिंतीला टेकवून ठेवते आणि जिलाब्याची, म्हणजे लांब टोपीवाल्या झग्याची, एक बाही शिवून होईस्तोवर पीठ फुगून वर येतं. उन्हाळ्यात त्याच भिंतीला शिव्या घालते. बा मिलूद त्या भिंतीपलीकडे राहायचे, भट्टीपाशी.

ते मूळचे आमच्या सफ्रू गावचे नव्हेत. वरच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातून तरुणपणी आले, लाकडं वाहायच्या कामाला लागले आणि हमामचा जुना भट्टीवाला वारल्यावर त्याच्या जागी खाली उतरले. उतरले असंच म्हणायचं, कारण भट्टीची खोली गल्लीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरूनच जावं लागतं. वर सकाळी पुरुषांची आंघोळ, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बायकांची, मग पुन्हा पुरुष. खाली मात्र बारा महिने आग. लाकडाचा भुसा, मोडक्या फळ्या, आणि जैतुनाचा हंगाम आला की तेल काढून उरलेली पेंड. पेंड जळायला लागली की सगळ्या गल्लीत तळणाचा वास सुटतो आणि लोकांना अवेळी भूक लागते.

बोलणं कमीच. कसे आहात विचारलं तर 'अल्हम्दुलिल्ला', आणि पुढे काही नाही. पाणी गार आहे म्हणून वरून कोणी ओरडलं तरी उत्तर द्यायचे नाहीत, भुशाची एक टोपली जास्त टाकायचे. त्यांची बायको रहमा मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा अंथरुणालाच होती. अर्धांगाचा झटका आला होता तिला. भट्टीच्या वरच्या खोलीत ती दोन हिवाळे पडून होती. बा मिलूद आगीत एक टोपली टाकायचे, वर जाऊन तिला कुशीवर वळवायचे, पुन्हा खाली यायचे. ती गेल्यावर त्यांनी ती खोली सोडली आणि भट्टीजवळच्या दगडी ओट्यावर अंथरूण टाकलं. मुलगी लग्न होऊन तांजियरला गेलेली. तिचा दर शुक्रवारी फोन यायचा, तो आमच्याकडे. बा मिलूद फोन कानाला लावून उभे राहायचे, 'हो', 'हो', 'तू जेवलीस?' एवढंच विचारायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

शहबा आली ती भुसा घेऊन येणाऱ्या गाढवाच्या गाडीमागून. कुत्र्याचं एवढंसं पिल्लू, राखेच्या रंगाचं. त्यांनी हाकललं की बाहेर जायचं, त्यांची पाठ वळली की आत. शेवटी एकदा ते गरम राखेच्या ढिगाशेजारी झोपलेलं सापडलं आणि बा मिलूदनी त्याच्यासाठी पाण्याचं मडकं ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवलं, त्यावर चर्चा नाही.

ही कुत्री मोठी झाल्यावर तिने स्वतःच एक काम अंगावर घेतलं. आमच्या गल्लीच्या टोकाला घरांखालून जाणारा एक बोळ आहे. तिथला दिवा लावला की आठवड्यात जातो. हिवाळ्यात बायका न्हाऊन निघेपर्यंत अंधार पडलेला असतो, आणि त्या बोळात टवाळ पोरं उभी असायची. शहबा बायकांच्या बरोबर चालत जायची, बोळ ओलांडून कारंज्यापर्यंत, आणि परत यायची. मग पुढच्या घोळक्याबरोबर. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. बायकांच्या हमामचं सगळं बघणारी तामू बाई, आमच्या बोलीत लल्ला तामू, जिच्या जिभेला हाड नाही, ती म्हणायची, "आमच्या घरातल्या पुरुषांपेक्षा हिला अक्कल आहे. हिला सांगावं लागत नाही."

त्या वर्षी पहिली पेंड भट्टीवर आली त्याच आठवड्यात शहबाचे मागचे पाय लटपटायला लागले. बा मिलूदना वाटलं काटा गेला असेल. त्यांनी पंजे चाचपून बघितले, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. त्यानंतर पुढचे पायही गेले आणि ती पिळून टाकलेल्या पंच्यासारखी आडवी झाली. भुशाची गाडी आली तेव्हा नेहमीप्रमाणे भुंकायला तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. फाटक्या भात्यातून हवा जावी तसा नुसता श्वास बाहेर पडला. अंगात हलत होती ती एक शेपूट. डोळे मात्र होते तसेच. कोण आलं, कोण गेलं, सगळं बघत होते.

कुत्र्याचा आवाज गेला हे ऐकल्यावर लोक काय समजतात ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या माहेरच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक माणूस गेला होता. त्याच्या घरावरून जाताना आम्ही पोरी पळायचो. त्यामुळे दुपारपर्यंत भट्टीच्या पायऱ्यांवर माणसं जमली तेव्हा मी कोणालाच दोष दिला नाही. भीती मलाही होती. मोहल्ल्याचा मुकद्दम आला. सरकारला काय कळवायचं आणि काय नाही ते त्याच्या हातात. हमामचे मालक हाज तैबीही आले, टोपी हातात घेऊन घाम पुसत.

मुकद्दम वाईट माणूस नव्हे. तो पायऱ्यांवरूनच सावकाश म्हणाला, "बा मिलूद, जनावर पिसाळलं असेल तर उद्या कोणाच्या तरी घरात रडारड होईल. मी नगरपालिकेला कळवतो. त्यांची माणसं येतील, तिला हाल न होता संपवतील."

बा मिलूद वर आले. कोपरापर्यंत राख. "कळवा," ते म्हणाले. "पण आधी जनावरांच्या डॉक्टरला बघू द्या."

"माझ्या हमामात लोक पोराबाळांना घेऊन येतात, मिलूद," हाज तैबी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, हाज. काय आहे ते कळलं तर तुमच्याही जिवाचा घोर जाईल." मग त्यांनी आजवर कोणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते म्हटलं. "मी तुमच्यापैकी कोणाकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतोय."

 मग मुकद्दमने माझ्या नवऱ्याकडे, बूजमाकडे, बघितलं. त्याच्याकडे भाजी वाहायची छोटी गाडी आहे. "संध्याकाळच्या आत परत या," मुकद्दम म्हणाला. बूजमाला रिकामा क्रेट आणायला सांगावं लागलं नाही, तो आधीच निघाला होता.

बा मिलूदनी हातांना जाड गोणपाट गुंडाळलं आणि शहबाला पुदिन्याच्या क्रेटमध्ये ठेवलं. मी पुढे बसले, कारण दवाखान्यात कोणीतरी बोलणारं हवं होतं. ते मागे क्रेटजवळ बसले.

गुरांच्या बाजारापलीकडे तो सरकारी दवाखाना आहे. डॉक्टर नझहा वजदा शहराची, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. तिने कोपरापर्यंत हातमोजे चढवले आणि आम्हाला भिंतीशी उभं केलं. किती दिवस झाले, कोणी चावलं होतं का, खाते का, गिळते का, तिच्या तोंडाला कोणाचा हात लागला, असं एकेक विचारत गेली. वसंतात गुरांच्या बाजारात लस टोचायला हीच बाई होती आणि शहबा तिच्या लक्षात होती. बाकीची कुत्री धुळीने माखलेली होती, ही राखेने. तिला धरल्यावर हातमोजे काळे झाले होते.

मग तिने चिमट्याने शहबाच्या बोटांमधली कातडी दाबली. शहबाने मान वळवून रागाने बघितलं.

"दुखतंय तिला," डॉक्टर म्हणाली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा सैल झाला. गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकून बघितलं, पाय हलला नाही. "कळतंय सगळं. ताकद तेवढी गेली आहे."

"पिसाळली आहे का?" मी विचारलं.

"मला तसं वाटत नाही. लस टोचलेली आहे, गिळते आहे, माणसं ओळखते आहे. पण मला वाटणं वेगळं आणि खात्री असणं वेगळं. जिवंतपणी खात्री करायची सोय नाही. दहा दिवस कोंडून ठेवा. कोणी तोंडाजवळ जायचं नाही. तो रोग असेल तर ती तेवढ्यात जाईल. नसेल तर राहील."

"आणि तो नसला तर कुठला?" बा मिलूदनी विचारलं.

डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "नसांचा. रोगापासून अंगाची राखण करायचं काम ज्यांचं, तेच कधीकधी अंगावर उलटतात आणि नसा सोलून काढतात. का उलटतात ते मला माहीत नाही, बा. कोणालाच नीट माहीत नाही. यावर औषधही नाही. आजार वर चढत छातीपर्यंत गेला, श्वास अडला, तर माझ्या हातात काही नाही. त्याआधी थांबला, तर महिना-दोन महिने, कधी जास्त, पण ताकद परत येते. तोवर तिचं सगळं तुम्हाला करावं लागेल. वळवणं, पुसणं, भरवणं."

"परत येते?"

"येऊ शकते."

"अल्लाह तुमच्या आईबापांवर दया करो," बा मिलूद म्हणाले.

आमच्याकडे आभार असेच मानतात. मीठ मागितलं, रस्ता विचारला, तरी हेच म्हणतात, आणि ऐकणारा मान हलवून पुढे जातो. डॉक्टर मात्र क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने बा मिलूदना सरळ आरोग्य केंद्रात पाठवलं, कारण आजारी जनावराला त्यांनी हाताने भरवलं होतं. सुया टोचून घ्याव्या लागतील, टाळाटाळ चालणार नाही, असं दटावलं. मुकद्दमला तिने स्वतः फोन केला आणि काय सांगितलं कोण जाणे, आम्ही परतलो तेव्हा पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

भट्टीशेजारी कोरडा भुसा ठेवायची कोठडी आहे, अर्ध्या दाराची. तिथे शहबाला ठेवलं. बा मिलूदनी झाडूच्या दांड्याला पळी बांधली आणि रश्श्यात कुस्करलेली भाकर त्या पळीने दाराबाहेरून तिच्या तोंडाशी न्यायला लागले. निम्मं सांडायचं, पण निम्मं जायचं. मुकद्दम रोज सकाळी पायऱ्यांवर येऊन उभा राहायचा.

"आहे?"

"आहे."

एवढंच बोलणं. मग तो जायचा.

हमामला गिऱ्हाईक कमी झालं. हाज तैबी कुरकुरले, पण बा मिलूदसमोर नाही. माझ्यासमोर कुरकुरले, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने. भिंत काही बोलली नाही.

मधे एका दुपारी शहबाने पळीकडे तोंड फिरवलं नाही. तिच्या बरगड्या अगदी थोड्या हलत होत्या, बघत राहिलं तरच कळेल इतक्या. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा बा मिलूद उपड्या टोपलीवर बसले होते. चहा त्यांनी घेतला, पण हातात धरून ठेवला.

"रहमाही अशीच बघायची," ते म्हणाले. "सगळं अंग गेलं होतं, पण डोळे खोलीभर फिरायचे. लोक यायचे आणि तिच्यासमोरच म्हणायचे, हिला आता काही कळत नाही. मला माहीत होतं, कळतं." कोठडीच्या अर्ध्या दाराकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "तिच्या वेळी कोणी म्हणालं नाही की परत येऊ शकते. ही डॉक्टर म्हणाली. मी तेवढ्यावर बसलोय."

मीही एक टोपली उपडी केली. शेजारी बसून राहिले. वर बायकांच्या बादल्या आदळत होत्या, कोणाचं तरी पोर साबण डोळ्यात गेला म्हणून रडत होतं.

दुसऱ्या सकाळी मुकद्दमने विचारलं, "आहे?" आणि बा मिलूद म्हणाले, "आहे. थोडा रस्सा गेला."

दहा दिवस संपले त्या दिवशी डॉक्टर नझहा बाजारातून परस्पर आली. कोठडीत शिरली, वाकून तिने शहबाला नीट तपासलं. श्वास बरा झाला होता, मान थोडी उचलत होती. "तो रोग नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. मुकद्दम इतक्या मोठ्याने 'अल्हम्दुलिल्ला' म्हणाला की वरून अंगाला साबण लावलेल्या एकाने काय झालं म्हणून ओरडून विचारलं. संध्याकाळी हाज तैबींकडून निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका आला. बाळंतिणीकडे, आजारातून उठलेल्या माणसाकडे आम्ही असा सुळका पाठवतो. कुत्रीसाठी आलेला मी पहिल्यांदा बघितला. गल्ली पोट धरून हसली, आणि इतक्या दिवसांनी हसली म्हणून मला ते फार बरं वाटलं.

खरं काम नंतर सुरू झालं. एवढं मोठं जनावर, जागचं हलत नाही. एका कुशीवर राहिलं की कातडी लाल व्हायची. मी जिलाब्यांच्या अस्तराचे उरलेले तुकडे जोडून गाद्या शिवल्या, आत लोकर भरली. एक ओली झाली की दुसरी. लल्ला तामूने हमाममधले विरलेले पंचे उकळून आणून दिले. आणताना पायऱ्यांवरून सगळ्यांना ऐकवलं की हे फुकट नाही, उठल्यावर हिने मला घरापर्यंत सोडायचं, कारंज्यापर्यंत नाही. पण न्हायला येणाऱ्या बायकांना तीच सांगायची, "आधी खाली जा. शहबाला वळवून ये. मग तुझी बादली देते." आणि बायका जायच्या. दोघी-तिघी मिळून वळवायच्या, पाणी पाजायच्या आणि मग वर न्हायला. बा मिलूद त्या वेळी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसायचे. बायका परत निघाल्या की प्रत्येकीला म्हणायचे, अल्लाह तुझ्या आईबापांवर दया करो. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, तेवढंच वाक्य शंभरदा बोलायला लागला.

डॉक्टरने पाय चोळायला आणि सांधे हलवायला सांगितलं होतं, नाहीतर ते आखडतील. बा मिलूद चोळायचे, पण फावडं मारून मारून त्यांच्याच खांद्यात जीव राहिला नव्हता. पुरुषांच्या हमाममध्ये अंग रगडणारा सी लार्बी त्यांचा जुना दोस्त. त्याला त्यांनी विचारलं.

"मी माणसं चोळतो, मिलूद," लार्बी म्हणाला. "कुत्रीला हात लावून वर गेलो आणि कोणी बघितलं, तर माझ्याकडे पाठ चोळून घ्यायला कोण येईल?"

बा मिलूदनी आग्रह केला नाही. लार्बीलाच ते टोचत राहिलं असावं, कारण तो गेला मशिदीत पोरांना कुराण शिकवणाऱ्या फकीहकडे. फकीह म्हातारे, कानाने अधू. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला आणि म्हणाले, "आपल्या मालिकी पंथात जिवंत जनावर पाक असतं, कुत्रंसुद्धा. मुक्या जिवाला आराम दिलास तर पुण्यच आहे." लार्बी उठला तसे त्याला थांबवून पुढे म्हणाले, "पण वर जायच्या आधी हात धू. मीसुद्धा तुझ्याकडेच येतो."

तेव्हापासून लार्बी रोज दुपारी, बायकांची वेळ चालू असताना, खाली यायचा. तळव्यावर जैतुनाचं तेल घेऊन शहबाच्या मांड्या, खांदे, पंजे, सगळं सावकाश रगडायचा. आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तिच्याशी बोलायचा. "कुठे दुखतं, लल्ला? इथे? पाणी गार नाही ना? मिलूद आळशी झालाय, त्याला सांगतेस का?" बा मिलूद गालात हसायचे. दोघं म्हातारे आणि मधे ती आडवी कुत्री, आणि लार्बी तिला शहरभराच्या बातम्या सांगतोय. मी भिंतीपलीकडे टीप घालता घालता ऐकायची. कोणाच्या घरात काय चाललंय हे त्या हिवाळ्यात मला शहबामुळेच कळलं.

थंडी वाढली. वरच्या डोंगरावर बर्फ पडलं. आम्हा सगळ्यांची अंगं गारठली तरी तिची कोठडी उबदार असायची, तेवढी एक सोय अल्लाहने आधीच करून ठेवली होती. मी जाड कापडाची एक झोळी शिवली, चार पायांना चार भोकं. ती कोठडीच्या तुळईला टांगली आणि शहबाला तीत उभं केलं. पहिल्यांदा ती नुसती लोंबकळली. लल्ला तामू म्हणाली, "वाळत घातलेला पायजमा." रोज थोडा वेळ, रोज तसंच. मग एकदा लार्बी काही सांगता सांगता मधेच गप्प झाला. मी भिंतीआडून ओरडून विचारलं काय झालं, तर म्हणाला, "सादिया, खाली ये." मी गेले. शहबाचा पुढचा उजवा पंजा जमिनीवर नीट टेकलेला होता आणि त्यावर भार पडलेला दिसत होता. नखं दगडात रुतलेली. पाय थरथरत होता, मग पुन्हा लुळा पडला. बा मिलूद भट्टीकडे तोंड करून उभे होते. आगीत टाकायला हातात काही नव्हतं.

त्यानंतर पंजा, मग पाय, मग मागचे. झोळीतून काढल्यावर ती दारुड्यासारखी चालायची, भिंतीला धडकायची आणि पडली की आमच्याकडेच रागाने बघायची. भुंकणं आलं तेव्हा घोगरं आलं, भुशाच्या गाढवानेसुद्धा कान टवकारले. बदामाची झाडं फुलली तेव्हा ती पायऱ्या चढून गल्लीत आली, आणि महिन्याभराने बायकांबरोबर पुन्हा बोळातून जायला लागली. जाताना मागचा डावा पाय किंचित घासायचा. तो तसाच राहिला, पण त्याने तिचं काही अडलं नाही.

मग एका गुरुवारी बा मिलूद आमच्या दाराशी आले. अंगात धुतलेला जिलाबा, दाढी केलेली. म्हणाले, उद्या नमाजानंतर जेवायला या. मला वाटलं मुलगी येणार असेल. तेवढ्यात बघते तर ते पुढच्या दाराशी, मग त्याच्या पुढच्या. मुकद्दमकडे गेले, फकीहकडे गेले, हाज तैबींकडे गेले. डॉक्टरला सांगायला बूजमाच्या गाडीतून दवाखान्यात गेले. प्रत्येक दाराशी तेच वाक्य. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं की आम्ही रांधून आणतो, तुम्ही बसा. ते ऐकेनात. नवस नव्हता, तरी जेवण आपल्या स्वतःच्याच हातचं हवं, असं म्हणाले. बूजमाने भाज्या आणल्या, हाजनी मांस पाठवलं, आणि बा मिलूदनी भट्टीच्या खोलीत, राखेवर मोठं पातेलं ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसांचा कुसकुस, म्हणजे वाफवून मोकळा करायचा जाड रवा, केला. ओटे धुतले होते, चटया आमच्या होत्या. मुलगीही आली तांजियरहून. बापाने काही न सांगता सगळं तिला माझ्याकडूनच कळलं होतं, ती माझ्या गळ्यात पडून रडली.

डॉक्टर नझहा आली ती संकोचूनच. ताटाभोवती बसल्यावर म्हणाली, "बा, मी नंतर पुष्कळ वाचलं. माझ्या शिक्षकांनाही विचारलं. शहबाला हे का झालं ते मला अजून सांगता येत नाही. पुन्हा होणार नाही असंही सांगता येत नाही."

"तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत की तुम्हाला माहीत नाही," बा मिलूद म्हणाले. "माहीत नाही म्हणालात आणि तरी दार लावून घेतलं नाहीत. मला तेवढं पुरलं, बेटी. जेवा."

मग त्यांनी ताटातला मांसाचा मोठा तुकडा काढून तिच्यापुढे सरकवला. तिने अर्धा तोडून फकीहपुढे ठेवला. फकीहना बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण तुकडा दिसला.

शहबा त्यानंतरही पुष्कळ जगली आणि म्हातारी होऊनच गेली. त्या दुपारी ती दारात आडवी पडून प्रत्येकाला आपल्यावरून ओलांडून जायला लावत होती, आणि एकाही माणसाने तिला हाकललं नाही. हाज तैबींनी तर जिलाबा उचलून धरला, तिच्या शेपटीला लागू नये म्हणून.

जेवण झालं, चहा झाला. सगळे तृप्त होऊन भिंतींना टेकून बसले होते. बा मिलूदनी विचारलं, जेवण बरं झालं होतं ना? लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुसकुस गोळा झाला होता.

"चिखल झाला होता," लल्ला तामू म्हणाली. "मीठही कमी. पण मी दोनदा घेतला."

बा मिलूद हसले. नेहमीसारखे गालात नव्हे, मोकळे हसले, आणि त्यांचे पुढचे दोन दात पडलेत हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.